बेटावर बेकार कोणी नाही

पेटी रोश
२७ फेब्रुवारी १९९६

ज्युडिन पोरी,

बोट पाण्यात गेली. लोक विचारतात, हॅन्सफर्ड, बोट कितीला पडली? त्यांना मी लाकूड, खिळे, शीड आणि सुतार एवढंच सांगतो. खरा हिशेब तुला सांगतो, कारण तू राजधानीत बसून सरकारची आकडेमोड करतेस, तुला कळेल. दोन बकरे गेले. त्यातला एक व्हर्निसने बाटलीने दूध पाजून वाढवलेला, म्हणजे माझ्या लेकीचं तोंड फुगलंय तेही धरायचं. रमचं एक पिंप गेलं. बोटीवर पाणी शिंपडता शिंपडता पाद्रीबाबांनी माझ्याकडून दर रविवारी येईन असं वदवून घेतलं, तोही खर्चच. आणि तुझ्या मामीचा मोठा हंडा गेला. कोणी नेला ते तिला पक्कं ठाऊक आहे, पण ती नाव घेत नाही. नेणाऱ्याची आई तिची मैत्रीण आहे.

पण काय दिवस होता! उजाडायच्या आधी मी शंख फुंकला आणि सूर्य टेकडीवर येतो न येतो तोच अख्खं बेट वाळूत हजर. दोराला हात लावायला जागा उरेना. टेकू तोडले, ओंडके टाकले, बायकांनी गाणं धरलं आणि पोरी, बोट अशी निघाली जशी तीच आम्हाला ओढतेय. आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे: ज्याचा हात दोराला, त्याचा हात ताटाला. एकही माणूस उपाशी घरी गेला नाही. इथे पैसेवाले आणखीही आहेत. त्यांनी बोलावलं तर दहाजण खोकत खोकत येतील. हॅन्सफर्डने हाक दिली की हंड्यातलं पाणी उकळायच्या आत बोट समुद्रात. हे नाव पैशाने मिळत नाही. मी शंख-मासा काढायला बुड्या मारत होतो तेव्हापासून कमावलंय ते.

लगेचच्या सोमवारी तुमच्या खात्याचा लिवेलिन नावाचा पोरगा बेकार मोजायचा कागद घेऊन आला. पॉलिश केलेले बूट घालून आला होता, त्यातला एक धक्क्यावर उतरताना समुद्राला दिला. आपला धक्का आता असा आहे की अर्धा धक्का आणि अर्धी आठवण. ज्या बेटावर बेकारी जास्त तिथला धक्का आधी बांधणार, असं सरकार म्हणतंय. आपला बांधला तर जावयाला, केसवर्थला गवंडीकाम मिळेल. नाहीतर प्रवासी जहाजावर भांडी घासायचा करार त्याच्याकडे येऊन पडलाय, जूनअखेर सही करायची. व्हर्निसला ऑगस्टमध्ये बाळ होणार आणि नवरा कुठे, तर कुठल्याशा समुद्रात बशा पुसतोय.

मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, सरकारी माणसासमोर रडगाणं नको, ताठ मानेने बोला. सगळे छान बोलले.

मामा


पोर्ट सेलेस्टीन
१९ मार्च

मामा,

तुझ्या हिशेबात एक रक्कम राहिली. बोटीपायी धक्का गेला.

आमच्या कागदावर पहिलाच प्रश्न असतो: गेल्या आठवड्यात मजुरीसाठी, नफ्यासाठी किंवा वस्तूंच्या मोबदल्यात निदान एक तास तरी काम केलंत का? एक तास, मामा. साऱ्या जगात हाच नियम आहे, मी काढलेला नाही. आता लिवेलिनने तुमच्या बेटावरून काय लिहून आणलंय ते ऐक. केसवर्थचंच घे.

"काम केलं का?"

"केलं ना! सासऱ्याची बोट ओढली."

"किती वेळ?"

"सकाळभर."

"मोबदला?"

"ताट भरून बकरी. निरफणस. मक्याच्या पिठाचं कूकू. रम मोजली नाही."

लिवेलिनने टिकमार्क केला: कामावर, मोबदला वस्तुरूपात. पुढच्या घरी बोट, ताट, रम. त्याच्या पुढच्या घरी बोट, ताट, रम दोनदा. बाकीच्यांनी काय केलं माहीत आहे? त्यांना वाटलं, बोट ओढली नाही असं सांगितलं तर तुझा अपमान होईल. म्हणून जे आले नव्हते त्यांनीही ओढली. म्हातारी मिस यूफेमिया तेवढी म्हणाली, "मी कसली कामं करते, घरी असते, रोज पहाटे चाळीस पाव भाजते एवढंच." तिचाही शेवटी बोटीतच हिशेब लागला, कारण पाव तिने तुझ्या जेवणाला दिले होते.

पेटी रोशची बेकारी: शून्य. मंत्रीसाहेबांनी आकडा पाहिला आणि खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. आज ना उद्या रेडिओवर सांगतील.

तुझी ज्युडिन


पेटी रोश
२८ मार्च

ज्युडिन,

तुझं पत्र बोटीने आलं, रेडिओ हवेतून. त्यामुळे रेडिओ आधी पोहोचला. मंत्री म्हणाले, "पेटी रोशच्या कष्टाळू जनतेत एकही बेकार नाही." मी आपल्या दुकानात सगळ्यांना एकेक पेला पाजला. म्हटलं, ऐका, राजधानीलासुद्धा कळलंय. हॅन्सफर्डच्या बेटावर रिकामटेकडा औषधालाही सापडायचा नाही!

मग व्हर्निस शांतपणे म्हणाली, "पप्पा, मग केसवर्थ रोज सकाळी उठून कुठेच जात नाही, ते काय म्हणायचं?"

केसवर्थने पेला भरलेलाच खाली ठेवला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. ते मी दोनदा वाचलं. एकदा चष्मा नव्हता म्हणून आणि एकदा चष्मा लावून विश्वास बसेना म्हणून.

आता उपाय सांगतो, सोपा आहे. तो कागद तुझ्याच टेबलावर असतो ना? त्या शून्याच्या अलीकडे दोनचा आकडा घाल. वीस टक्के. शाई तरी किती लागेल? तुला लहानपणी पोहायला कोणी शिकवलं ते आठव आणि घाल.

मामा


पोर्ट सेलेस्टीन
९ एप्रिल

मामा,

पोहायला तू शिकवलंस म्हणजे धक्क्यावरून ढकलून दिलंस. तेव्हा तो शाबूत होता. दोन घालणार नाही. आज तुझ्यासाठी दोन घातला तर उद्या मंत्र्यासाठी खोडावा लागेल.

पण मी गप्प बसलेली नाही. आमच्या मुख्य बाई, मिसेस ऑलिव्हिएर, यांच्यासमोर जाऊन म्हटलं, "मॅडम, हा आठवडा धरायचा नसतो. त्या बेटावर बोट रोज उतरत नाही." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणाची बोट?" "माझ्या मामाची." "मग तुझं मत बाजूला ठेवू आणि आकडे बघू." बघितले, आणि मे महिन्यात पुन्हा मोजायला कबूल झाल्या. मी त्यात हात घालायचा नाही, या अटीवर.

तरी एक अडचण आहे. काम नाही एवढ्याने आमच्या लेखी माणूस बेकार ठरत नाही. तो काम शोधत असला पाहिजे. "काम शोधलंत का?" या प्रश्नाला तुमच्या बेटावर एकूण एक उत्तर "नाही". आणि मजूर कार्यालयात काम मागणाऱ्यांची नोंद असते, तिच्यात अख्ख्या पेटी रोशचं एकच नाव आहे: नॅथॅनिएल बेथ्यून.

ज्युडिन


पेटी रोश
२० एप्रिल

ज्युडिन,

नॅथॅनिएल देवाघरी जाऊन दोन वर्षं झाली. त्यालाही अजून काम मिळालेलं दिसत नाही.

तुझा शोधण्याचा प्रश्न मी दुकानात काढला. मी गल्ल्यामागे तांदूळ मापत होतो, कान त्यांच्याकडे. तुला जसंच्या तसं देतो.

"शोधणार कुठे? शोधतात ती हरवलेली बकरी."

"बेट केवढं? काम असतं तर दिसलं असतं."

"माझ्या घरावरून तर सगळं दिसतं. काल दिवसभर बसलो होतो, नाही आलं."

"ऑफिसात जाऊन मी बेकार आहे म्हणायचं? त्यापेक्षा नागडा चर्चला जाईन."

"गेला होतास की, ख्रिसमसला."

हसले सगळे. केसवर्थ हसला नाही. त्याला मी मागच्या खोलीत घेतलं. म्हटलं, "जावईबापू, राजधानीला जाऊन नाव घाला. करारावर सही करायला वेळ आहे अजून."

तो म्हणाला, "मी नाही जाणार. रेडिओच्या दिवशी सगळ्यांदेखत तुम्ही काय बोललात? रिकामटेकडा औषधालाही सापडायचा नाही. आता मी जाऊन सांगू, सापडला, हा बघा, हॅन्सफर्डचा जावई? जहाजावर गेलो तर निदान कामावर गेला म्हणतील."

पोरगा तोंडाने गरीब आहे, पण भिंतीसारखा सरळ बोलतो. मला उत्तर सुचलं नाही हे तुझ्या मामीला कळवू नकोस.

मामा


पोर्ट सेलेस्टीन
३० एप्रिल

मामा,

उत्तर आहे, पण ते तुलाच द्यावं लागेल आणि दुकानातच, जिथे पहिलं दिलंस तिथे.

कार्यालयात नाव घातलं की आमच्या नियमाने ते काम शोधणंच होतं. बेटभर हिंडायला नको, दाराआड बसून लाजायलाही नको. लाजेचं म्हणशील तर इथे खिडकीपाशी रोज रांग असते. लोक वर्तमानपत्र वाचत उभे राहतात, कोणाचं कोणाकडे लक्ष नसतं.

एक मात्र सांगून ठेवते. मोजणीच्या आठवड्यात नाटक नको. ज्याला मासे मिळतील त्याने पकडावेत आणि विकावेत. तो कामावर धरला जाईल, जाऊ दे. जो खरंच बसून असेल तोच मोजला जावा. आणि देवाशपथ, बोट ओढू नकोस.

ज्युडिन


पेटी रोश
१७ मे

ज्युडिन,

शनिवारी संध्याकाळी, जेव्हा दुकानात सगळ्यात जास्त तोंडं असतात, तेव्हा मी खोक्यावर चढून उभा राहिलो. म्हटलं, "मंडळी, रेडिओवाला चुकला आणि त्याच्यापेक्षा जास्त हॅन्सफर्ड चुकला. माझ्या घरात बेकार आहे. माझा जावई. गवंडी आहे, हात सोन्याचा आहे आणि वर्षभर त्याला एक वीट लावायला मिळालेली नाही. हे मला दिसत होतं. रोज सकाळी तो माझ्याच पडवीत बसायचा. मंगळवारी नवी बोट राजधानीला जातेय, ज्याला नाव घालायचंय त्याने यावं. भाडं नाही. जेवणही नाही! ताट मागाल तर ज्युडिन मला खाईल."

मग मागून मिस यूफेमिया ओरडली, "मेल्या, एवढी साधी गोष्ट सांगायला खोक्यावर कशाला चढायचं?"

मंगळवारी पहाटे केसवर्थ सगळ्यांच्या आधी धक्क्यावर. माझ्याकडे बघितलं नाही, पण दोर मात्र त्याने सोडला. त्याच्यामागून एकेक करत लोक आले. टोपी डोळ्यावर ओढून, जसे काही मासे बघायलाच चाललेत. अर्ध्या वाटेत कोणीतरी गाणं धरलं आणि टोप्या वर गेल्या.

खिडकीमागची बाई बारीक होती, पण आवाज खणखणीत.

"व्यवसाय?"

"गवंडी."

"शेवटचं काम?"

"मागच्या वादळाआधी. ते वादळाने नेलं."

"कोणतंही काम चालेल?"

केसवर्थ म्हणाला, "भांडी सोडून."

बाई हसली. मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही? नाव घालायचंय?"

"छे, मी यांना घेऊन आलोय."

"म्हणजे तुम्ही कोण?"

मागून आपल्याच पोरांनी उत्तर दिलं, "बेकारांचा कप्तान!" आता बेटावर तेच नाव पडलंय. लहान पोरंसुद्धा म्हणतात. नॅथॅनिएलचं नाव काढायला सांगितलं तर बाई म्हणाली, त्यासाठी त्याला स्वतः यावं लागेल.

तुझा लिवेलिन पुढल्या आठवड्यात येणार म्हणतात. या वेळी चपला घालून ये म्हणावं.

मामा


पोर्ट सेलेस्टीन
१८ जून

मामा,

बसून वाच. उभा असलास तर मामीच्या खुर्चीत बस, ती जवळ आहे.

आकडे आले. मी हात लावलेला नाही, मिसेस ऑलिव्हिएरनी स्वतः दोनदा तपासले. पेटी रोशवर काम करू शकणाऱ्या चौघांत एकजण बेकार. नोंदीतल्या नावांशी ताडून पाहिलं तर सगळं जुळतंय, फक्त नॅथॅनिएल जास्त होतोय. मंत्रीसाहेबांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते म्हणाले, "हेच बेट ना ते, कष्टाळू जनतेचं?" बाई म्हणाल्या, "हो साहेब. कष्टाळूच आहेत. म्हणून तर काम मागतायत."

धक्का आणि त्यालगतचा बंधारा मंजूर झाला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सामान येईल. नोंदीत नाव असलेल्यांना आधी घेणार. व्हर्निसला सांग, करार फाडू नका म्हणावं, त्याच्या कोऱ्या बाजूवर बाळाची नावं लिहून काढा.

लिवेलिन चपला घालूनच आला होता आणि त्याने मिस यूफेमियाला या वेळी नीट विचारलं. ती कामावर आहे असं लिहिल्यावर ती त्याच्यावर खेकसली म्हणे, "मी कोणाच्या कामावर नाही! माझ्या चुलीपुढे मीच मालकीण!" त्याच्यासाठी आमच्याकडे वेगळा रकाना आहे. त्याला तो सापडला. पोरगा शिकतोय.

तुझी ज्युडिन


पेटी रोश
२३ जुलै

ज्युडिन पोरी,

धक्क्याची बातमी तुला हवी असेल. खांब उभे राहतायत. सकाळी सातला भोंगा होतो आणि अख्खी वाट चपलांनी वाजते. केसवर्थ जेवणाचा डबा काखेत मारून असा निघतो जसा काही बँकेचा मॅनेजर. संध्याकाळी सिमेंटने पांढरा होऊन येतो आणि व्हर्निसच्या पोटाला कान लावून बाळाला सांगतो, आज कितवा थर झाला. व्हर्निस म्हणते, बाळाने दुसऱ्या थराला लाथ मारली, म्हणजे त्याला मान्य आहे. करारावर तेरा नावं झालीत. एकही माझं नाही.

मिस यूफेमियाचे पाव धक्क्यावरच संपतात, दुकानापर्यंत येत नाहीत. मी तिला म्हटलं, "आता तरी काम करते म्हणशील?" म्हणाली, "लोक खातात, मी भाजते. यात काम कुठे आलं?" माझ्या दुकानात आता संध्याकाळीच गर्दी असते. दिवसा मी आणि माशा. गप्पा ऐकायला कान लावतो तर ऐकू येतो तो समुद्र.

आता बोटीचं. वादळाचा हंगाम लागला. गेल्या आठवड्यात रेडिओने पूर्वेकडे काहीतरी गोल फिरतंय असं सांगितलं. अजून लांब आहे, पण शहाण्याने बोट वेळेत वाळूवर घ्यावी. म्हणून मंगळवारी सकाळी हाक दिली. आदल्या रात्री निरोपही धाडले होते. बकरा कापून ठेवला होता, या वेळी व्हर्निसचा नाही. दोर घालून मी वाळूत उभा राहिलो.

पाद्रीबाबा आले, झगा वर खोचून. मिस यूफेमिया आली, पण पाटी डोक्यावर घेऊन, धक्क्याकडे जाताना वाटेत थांबली तेवढीच. धक्क्यावरून केसवर्थने हात केला आणि ओरडला, "पप्पा, मुकादम सोडत नाही! रविवारी बघू!" रविवारी सगळे झोपले होते. झोपणारच.

मला धरून तिघं जमलो होतो. बोट अजून पाण्यातच आहे.

मामा